डिस्क बफर : खाली

"नागपूरकडची का?" माझ्या साहेबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी हो म्हटलं. त्यांनी अर्जावरचं आडनाव पुन्हा एकदा वाचलं, कागद टेबलावर टाकला आणि म्हणाले, "हं. कोट्यातली." हे मराठीत म्हणाले, कारण खोलीत बसलेल्या दोघा इंजिनिअरांना मराठी येत नव्हतं. लखनौच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत मराठी माणसं आम्ही दोनच, ते आणि मी, आणि आमच्या भाषेचा त्यांनी माझ्याशी केलेला पहिला उपयोग हा असा. पस्तीसच्या वर वर्षं झाली. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

साहेब पुण्याचे. सगळ्यांना 'आप' म्हणायचे, अगदी झाडूवाल्यालासुद्धा, आणि मला एकटीला 'तू'. आपुलकीचा 'तू' मला कळतो, माझ्या घरात दुसरं काही नव्हतंच. हा तसला नव्हता.

माझं मराठी त्यांना सोसायचं नाही. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं तेव्हा वडिलांची बदली लखनौला झाली. मी सात वर्षांची होते. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, भांडणं हिंदी. घरात मात्र आमची बोली, 'मले-तुले' आणि 'काय करून राहिली'वाली. एकदा मी म्हणून गेले, "सर, मशीन सुरू होऊन राहिली आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "होऊन राहिली? हे मराठी कुठल्या बाजारात मिळतं? तुझं मराठी धड नाही आणि हिंदीही धड नाही." दोघे इंजिनिअर हसले. काय बोलणं झालं ते त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. साहेब हसले म्हणून तेही हसले.

हे सगळं मी गिळत होते, कारण मला नोकरीत कायम व्हायचं होतं. दोन वर्षांचं प्रोबेशन संपायला चार महिने उरले होते. त्याच सुमारास वडील निवृत्त होणार होते. दुसऱ्या एका सरकारी कचेरीत ते कारकून होते, आणि आम्ही राहायचो ते दोन खोल्यांचं क्वार्टर त्यांच्या नोकरीचं. गावाकडे आमचं घर उरलं नव्हतं. क्वार्टर माझ्या नावावर होऊ शकत होतं, पण मी कायम झाले तरच. प्रोबेशनवाल्यांचा अर्ज खिडकीवरूनच परत करायचे. वडिलांनी कागद तयार करून ट्रंकेत ठेवले होते आणि रोज जेवताना एकच विचारायचे, "बेटा, आलं का पत्र?"

आता ते काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या प्रयोगशाळेत धातूचे तुकडे यंत्रावर बसवून ते तुटेपर्यंत हलवत ठेवायचे. एकेक तुकडा कित्येक दिवस चालायचा. हलण्याचे आकडे टिपायला हार्डवेअरवाल्यांनी एक कार्ड बनवलं होतं, आणि त्या कार्डावर त्याची स्वतःची मेमरी होती. आकडे येऊन तिथे जमायचे. ते तिथून युनिक्सच्या मशीनमध्ये, म्हणजे आमच्या कॉम्प्युटरमध्ये, आणायचे, तर आधी कर्नेलला ती मेमरी दिसायला हवी. कर्नेल म्हणजे मशीनचा सगळा कारभार चालवणारा मुख्य प्रोग्राम. आमचा स्टोअरकीपर मात्र शेवटपर्यंत समजत होता की हे कुणी फौजेतले कर्नल आहेत. "कर्नल साहब का सामान आया है," असं म्हणून त्याने मला एकदा केबल आणून दिली होती.

कर्नेलची गंमत अशी की त्याच्याजवळ पत्त्यांचा एक तक्ता असतो आणि तक्त्यात नाही ते त्याच्यासाठी जगात नाही. कार्ड समोर बसलेलं असो, त्याचा दिवा लुकलुकत असो, कर्नेलला काय त्याचं! कॉलनीत नवं क्वार्टर बांधलं पण पोस्टमनच्या यादीत नंबर चढला नाही, तर पत्र येणार कुठून? मला दोन कामं करायची होती. कार्डावरच्या इवल्याशा पिना जोडून त्याची मेमरी मशीनच्या कुठल्या पत्त्यावर बसेल ते ठरवायचं, आणि मग तोच पत्ता कर्नेलच्या तक्त्यात चढवायचा. म्हणजे कर्नेलला ती मेमरी स्वतःचीच असल्यासारखी वाचता-लिहिता येते. एकच काळजी घ्यायची, की निवडलेला पत्ता रिकामा पाहिजे. तिथे आधी कुणी राहत असेल तर संपलंच.

कोणत्या पत्त्यावर कोण राहतं याचा नकाशा मशीनच्या थंडगार खोलीत भिंतीवर चिकटवलेला होता. साहेबांच्या हातचा. मूळचा इंग्रजीत होता, पण सप्टेंबरात हिंदी पंधरवडा आला. राजभाषेची तपासणी होणार म्हटल्यावर सगळ्या कचेरीला हिंदीचा उमाळा आला, पंख्याच्या बटणांवरसुद्धा हिंदी चिठ्ठ्या लागल्या. साहेबांनी तो नकाशा हिंदीत काढला. अक्षर त्यांचं सुरेख होतं, हे मी नाकारत नाही. 'तकनीकी कार्य में हिंदी' या स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्र आणि एक जाडजूड हिंदी शब्दकोश. तो शब्दकोश त्यांनी टेबलावर दर्शनी ठेवला होता, प्लास्टिकचं वेष्टनही न काढता.

त्या नकाशात ई नावाचा एक पट्टा होता, बोटभर रुंदीचा. त्यात त्यांनी लिहिलं होतं, 'डिस्क बफर : खाली'.

मी काय वाचलं? जे लखनौतलं शेंबडं पोरही वाचेल ते. खाली म्हणजे रिकामा. सीट खाली है, डिब्बा खाली है, मकान खाली है. कधीतरी ही जागा डिस्कच्या बफरसाठी, म्हणजे डिस्कवर जायच्या मजकुराच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी, ठेवली असेल, आता रिकामी आहे, असं मी धरून चालले. आणि साहेबांना काय म्हणायचं होतं? त्यांना मराठीतलं खाली म्हणायचं होतं! पट्टा अरुंद, मजकूर मावेना, म्हणून 'डिस्क बफर : खाली पाहा'. बफरचा सगळा तपशील त्यांनी कागदाच्या तळाशी चार ओळींत लिहिला होता, आणि त्या चार ओळी भिंतीला टेकवलेल्या प्रिंटरच्या टेबलामागे गेल्या होत्या. हिंदीचं पहिलं बक्षीस मिळवणाऱ्या माणसाने नकाशात मराठी लिहून ठेवलं होतं, आणि ज्या मुलीचं मराठी धड नाही असं तो म्हणायचा तिने ते हिंदी म्हणून वाचलं.

विचारायला हवं होतं. हो, हवं होतं, आणि हे मी तेव्हाही कबूल केलं. पण विचारायला गेलं की काय व्हायचं? आठवडाभर आधीच मी कार्डाबद्दल एक शंका विचारली, तर ते म्हणाले, "वाचता येतं ना? भिंतीवर लावलंय. का तेही कुणी आरक्षणातून वाचून द्यायचं?" त्या दिवशी मी कानाला खडा लावला की या माणसाला पुन्हा काही विचारणार नाही. माझी चूक म्हणाल तर ती इथे झाली.

मी कार्डाच्या पिना ई पट्ट्यावर बसवल्या, कर्नेलच्या तक्त्यात पत्ता चढवला, कर्नेल नव्याने बांधलं, मशीन परत सुरू केलं. दुपारची वेळ होती. खोलीबाहेर आमच्या चपलांची रांग, आत आम्ही मोज्यांवर. चाचणी अशी की आधी त्या मेमरीत सगळीकडे शून्य लिहायचं आणि मग वाचून बघायचं. मी लिहिलं. वाचलं. पडद्यावर शून्यच शून्य! मला इतका आनंद झाला की मी हिंदीत ओरडले, "दिख गया!" साहेब आले, त्यांनी पडदा पाहिला, एकदा मान हलवली. दोन वर्षांत त्यांनी माझ्या कामाला हलवलेली ती एकमेव मान.

मी मूर्खासारखी खूश होते. लिहिण्याआधी एकदा वाचून बघितलं असतं तर तिथे कुणीतरी राहतंय हे दिसलं असतं. तेवढी अक्कल मला त्या दुपारी झाली नाही. शून्य परत आलं ते माझ्या कार्डातून नव्हे. डिस्कचं बफर हीसुद्धा मेमरीच, तीही लिहिलेलं इमानाने परत देते. कर्नेलने डिस्कवर लिहिण्यासाठी जे त्या बफरात ठेवलं होतं त्यावर मी शून्यं फिरवली, आणि ती शून्यं कर्नेलने डिस्कवर नेऊन ठेवली, जिथे कुठली फाइल कुठे आहे त्याची नोंद असते तिथे. दहा मिनिटांनी मशीन कोसळलं. परत उभं केलं तर महिन्याभराचे आकडे नाहीत. टेपवर उतरवलेले होते ते त्याआधीचे. आणि ज्या तुकड्यांचे आकडे गेले ते तुकडे तर तुटलेले. तुटलेला तुकडा पुन्हा कसा तोडणार?

साहेबांनी सरळ टिपण लिहिलं. प्रोबेशनवरील कर्मचारी, पुरेशा पात्रतेचा अभाव, स्पष्ट नकाशा भिंतीवर उपलब्ध असताना निष्काळजीपणा, कायम करण्याची शिफारस नाही. चौकशीला पाच दिवस दिले होते. टिपणाची प्रत माझ्या हातात आली. 'पुरेशा पात्रतेचा अभाव' हे शब्द कुठून आले ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

घरी सांगावं लागलं. आई पोळी लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. वडिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यानं लिहिलं काय होतं? शब्द सांग मले." मी सांगितलं. त्यांनी ट्रंक उघडून क्वार्टरचा कागद काढला. सेवानिवृत्ति के पश्चात आवास खाली करें. बोट त्या शब्दावर ठेवून म्हणाले, "सरकार हा शब्द एकाच अर्थानं लिहिते, बेटा. त्या कागदाची नक्कल घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनच्या खोलीत गेले तर भिंतीवर नवा नकाशा. ताजी शाई, सरळ रेघा, आणि ई पट्ट्यात बारीक अक्षरात 'डिस्क बफर : नीचे देखें'. प्रिंटरचं टेबलही हातभर पुढे ओढलेलं, तळाच्या चार ओळी स्पष्ट दिसत होत्या. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! मी हार्डवेअरवाल्या इंजिनिअरला विचारलं, जुना नकाशा कुठे गेला? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अरे यार, वही तो है. हमेशा से यही था." सव्वा वर्ष त्या नकाशासमोर बसून चहा पिणारा माणूस!

त्या दुपारी मी पहिल्यांदा प्रयोगशाळेत रडले, बाथरूममध्ये, नळ सोडून. आणि रडता रडता मला तो प्लास्टिकमधला शब्दकोश आठवला. बक्षीस मिळालं म्हणजे नमुना पाठवला असणार. नमुना पाठवला म्हणजे फाइल असणार.

हिंदी कक्ष जिन्याखालच्या खोलीत होता. तिथल्या हिंदी अधिकारी लखनौच्याच, पन्नाशीच्या, पान खाणाऱ्या. वर्षातले पंधरा दिवस सोडले तर त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. उठल्या, कपाटातून फाइल काढली, पानं उलटली. साहेबांच्या सुरेख अक्षरातली नकाशाची झेरॉक्स, खाली सही, सहीखाली 'मैं प्रमाणित करता हूँ कि यह कार्य मूल रूप से हिंदी में किया गया है'. आणि ई पट्ट्यात, देवाशपथ सांगते, ते दोन ठिपके आणि तो शब्द.

मी प्रत मागितली. त्या म्हणाल्या, "फाइल हमारे कमरे से बाहर नहीं जाती, बिटिया." माझा चेहरा पडला असावा. त्यांनी फाइल काखेत मारली. "मगर हम तो जा सकते हैं न? कब है आपकी जाँच?"

बातमी कशी कोण जाणे साहेबांपर्यंत पोचली. चौकशीच्या दिवशी सकाळी ते मला व्हरांड्यात भेटले. आणि काय म्हणाले असतील? "अहो, जरा थांबता का?" अहो! मी मागे वळून पाहिलं, मला वाटलं दुसरं कुणी असेल. "हे बघा," ते म्हणाले, "चुका होतात. तुम्ही लेखी माफी द्या, मी टिपण सौम्य करतो, प्रोबेशन सहा महिने वाढवून घेऊ. आपण दोघं मराठी माणसं. परक्यांसमोर कशाला?"

सहा महिने. सहा महिन्यांनी आम्ही कुठल्या फुटपाथवर असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि असतं तरी फरक पडला नसता. मी म्हटलं, "सर, मी आपल्यातली कधीपासून होऊन राहिले?" मुद्दाम म्हटलं, होऊन राहिले. आणि पुढे चालू लागले.

संचालक जुन्या लखनौचे होते. आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटायची. साहेबांनी नव्या नकाशाची प्रत पुढे ठेवली. हिंदी अधिकाऱ्यांनी फाइल उघडून तिच्या शेजारी ठेवली. संचालकांनी दोन्हीकडे आलटून पालटून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"डिस्क बफर, खाली," ते वाचत म्हणाले. "आपने लिखा है?"

"जी."

"ख़ाली का मतलब क्या हुआ?"

साहेबांच्या तोंडाकडे मी टक लावून बघत होते, एक क्षणही नजर काढली नाही. रिकामा म्हणावं तर नकाशा खोटा, डिस्क मी नव्हे, त्यांनी बुडवली. दुसरं म्हणावं तर सही खोटी.

"नीचे," साहेब अगदी हळू म्हणाले. "मराठी में... खाली का मतलब नीचे होता है, सर."

"मराठी में," संचालक म्हणाले. सहीखालच्या ओळीवर त्यांनी पेन्सिल ठेवली. मग मला विचारलं, "आप भी तो मराठी हैं. आपने क्या पढ़ा?"

"सर, काग़ज़ हिंदी का था. हमने हिंदी पढ़ी."

संचालकांनी फाइल बंद केली. "आपको तो शब्दकोश मिला था न इनाम में?" त्यांनी साहेबांना विचारलं. "कभी खोल भी लिया कीजिए."

झालं ते एवढंच. कुणी आरडाओरडा केला नाही, साहेबांना कसली शिक्षा झाली नाही. काही महिन्यांनी ते बढतीवर दुसऱ्या गावी गेले, निरोप समारंभात मीही हार घातला, सगळ्यांनी घातला. माझ्या टिपणावर संचालकांनी लिहिलं, लिहिण्यापूर्वी वाचून पाहावयास हवे होते, समज द्यावी. ती समज मी मान्य केली, ती खरी होती. टिपणातली पात्रतेबद्दलची ओळ त्यांनी हिरव्या शाईने काटली. पंधरा दिवसांनी पत्र आलं. वडिलांच्या शेवटच्या दिवसाला आठवडा उरला होता.

दुसऱ्याच दिवशी वडील आणि मी क्वार्टरच्या कचेरीत गेलो. कारकुनाने माझं पत्र पाहिलं, वडिलांचे ट्रंकेतले कागद पाहिले, कुरकुरत मोठं रजिस्टर ओढलं. "ये तो हम पहली तारीख़ से चढ़ा चुके हैं," तो म्हणाला. आमच्या क्वार्टरच्या नंबरासमोर, रकान्यात, आधीच शाईने लिहिलेलं होतं : खाली.

माझं डोकं सणकलं. मी त्याच्या हातातलं पेन घ्यायला हात पुढे केला. वडिलांनी माझा हात धरला.

"थांब. मले करू दे."

त्यांनी चष्मा चढवला, रजिस्टर स्वतःकडे वळवलं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर त्यांनी साहेबांनी सांगितलेलंच लिहिलं होतं. त्या शब्दावर त्यांनी एक सरळ रेघ मारली, पुन्हा त्यावरून दुसरी मारली, आणि शेजारी माझं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट.